गळती शून्य धरली आहे

भोरात मी ज्यांच्या खोलीत भाड्यानं राहून बी.कॉम. केलं, त्या काकांनी गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत आतल्या बाजूनं लाल-पांढरी मोजपट्टी रंगवून घेतली होती. धरणाच्या भिंतीला असते तशी. रोज सकाळी ते शिडी चढायचे, झाकण उचलून आत बॅटरी मारायचे आणि जिन्यातनं उतरता उतरताच जाहीर करायचे, "साठा समाधानकारक आहे. म्हणून कुणी रोज केस धुवायचे नाहीत." खालच्या खोल्यांत आम्ही कॉलेजच्या मुली. उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी यायला लागलं की काका 'आवर्तन' सोडायचे. आधी पहिल्या खोलीला पाणी, मग मधल्या, मग शेवटच्या. शेवटची खोली आमची. आम्ही तक्रार केली की म्हणायचे, "कालव्याच्या शेवटाला असलेले शेतकरी जन्मभर हेच म्हणत आले. आणि खरं तेच म्हणत आले." मग स्वतःच्या वाटची बादली आणून आमच्या दारात ठेवायचे.

त्यांची सगळी नोकरी धरणावर गेली होती. पाण्याची पातळी बघायची, किती आलं, किती सोडलं, किती उन्हानं उडालं, किती कुठं झिरपलं, याचा मेळ लावायचा. निवृत्त झाल्यावर खात्यानं धरण आपल्याकडं ठेवून घेतलं आणि काकांना घरी पाठवलं. काकांच्या बाजूनं एवढाच बदल झाला की धरणाच्या जागी बाकीचं जग आलं. काकूंनी कुकर लावला की ते आतल्या खोलीतनं सांगायचे, "आज भात कमी पडणार." काकू म्हणायच्या, "तुम्ही कमी खा, म्हणजे नाही पडणार." चौकात एसटी वळली की आत किती माणसं उभी असतील हे तिच्या कलण्यावरून सांगायचे. चुकायचेही. चुकले की एसटीला दोष द्यायचे.

पण काकांचं नाव भोरपासून वेल्ह्यापर्यंत झालं ते पाण्यानं नाही. दारूनं झालं.

इथं एक सांगून टाकते. काका प्यायचे. दिवेलागणीला ओट्यावर खुर्ची टाकून, सगळ्या आळीसमोर, खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून. शेजारी वाटीत भाजलेले शेंगदाणे. काकू दारात बसून त्यांना पेपर वाचून दाखवायच्या. झाकण संपलं की वाचन संपलं, बातमी अर्धी राहिली तरी. "उरलेली उद्या," म्हणायचे. दोन्हीबद्दल. त्यामुळं ते कुणाला पिऊ नका असं कधी सांगत नसत, आणि प्या असंही नाही. आमच्याकडं दारूबद्दल बोलणारी माणसं दोनच तऱ्हेची असतात, ओरडणारी नाहीतर हसणारी. काका दारूबद्दल पाण्यासारखं बोलायचे. मी तसं बोलणारा माणूस तोवर पाहिला नव्हता.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीला पुरुषमंडळींची 'बसायची' सोय करायची, ही आमच्या भागातली रीत. पत्रिकेत ती छापत नाहीत, पण तिच्यावरून जेवढे रुसवे होतात तेवढे मानपानावरून होत नाहीत. कमी पडली तर पाहुणे म्हणतात, पोरीच्या बापानं हात आखडला. जास्त झाली तर मांडवाच्या कनाती फाटतात. किती आणायची हे ठरवायला घरातली चार शहाणी माणसं बसतात, आणि तिथंच चाखायला सुरुवात होते. आळीतल्या एका लग्नात ऐन जेवणाआधी संपली. जीप दुकानाकडं पळवली तर ते बंद झालेलं. नवरदेवाचे मामा जेवायलाच उठेनात. पुढच्या लग्नाला त्याच घरातल्या कुणीतरी गमतीनं काकांना म्हटलं, "तुम्ही एवढं धरण सांभाळलं, आमची हळद सांभाळा की." म्हणणाऱ्यानं गंमत केली. काकांनी वही न घेता, पेन न घेता, पण खात्यातल्यासारखं काम हातात घेतलं.

"प्रथम पाणलोट क्षेत्र बघावं लागेल," म्हणाले. म्हणजे नवरदेवाचं गाव. स्कूटी काढून ते त्या गावात गेले, सलूनमध्ये बसून दाढी करून घेतली, चहाच्या टपरीवर दुपार काढली आणि परत आले. माणसं किती येणार हे त्यांनी विचारलंच नाही. कोण कुणाशी बोलत नाही, हे विचारलं. डीजे आहे का बँड, हे विचारलं. "डीजेवाल्या हळदीला कमी लागते. नाचून घाम येतो, पोरं पाणी मागतात. बँडला म्हातारे बसून ऐकतात, तिथं साठा उतरतो." मटणाचा रस्सा कोण करणार, हेही विचारायचे, कारण झणझणीत रस्सा लवकर वाढला तर माणूस ताटावर जातो. तरणी पोरं गाडीच्या डिकीत आपापली आणतात, ती 'बाहेरची आवक'. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली शर्टात घालून कुणी पळवली तर ती 'गळती'. आणि थोडी बाजूला काढून ठेवायची, तिला काही झालं तरी हात लावायचा नाही, तो 'मृतसाठा'. तो पहाटे राबलेल्या आचाऱ्यांना आणि मांडववाल्यांना, काम आटोपल्यावर.

मला आठवतंय, एका लग्नात काकांचा अंदाज सपशेल चुकला. सगळी पुरुषमंडळी त्यांनी बरोबर जोखली होती, पण थंडी कडाक्याची पडली आणि आतल्या खोलीतनं म्हाताऱ्या आत्या-मावश्यांनी एकेक पेला 'गुडघ्याला चोळायला' मागवला. दोनदा चोळायला मागवला. काका तीन दिवस ओट्यावर बसले नाहीत. चौथ्या दिवशी काकूंना म्हणाले, "औषधी वापर हे सदरच माझ्या लक्षात आलं नव्हतं." पुढं प्रत्येक लग्नात ते सदर धरलं गेलं, आणि मुलाकडच्या म्हाताऱ्यांचे गुडघे कसे आहेत, याची काका चौकशी करू लागले. लोकांना वाटायचं, किती मायाळू माणूस.

मानधन म्हणून ते फक्त मटणातली नळी मागायचे. आणि एक नियम घालून द्यायचे. खोलीची चावी एकाच माणसाकडं. ज्याच्याकडं चावी, त्यानं दुसऱ्या दिवशी अक्षता पडेपर्यंत थेंब घ्यायचा नाही, आणि त्याला कुणी आग्रह करायचा नाही. हा नियम हळूहळू आमच्या सगळ्या खोऱ्यात पसरला. विंझर, मार्गासनीकडच्या लग्नांत काका नसले तरी लोक विचारायचे, "चावी कुणाकडं हाय?" आणि ज्याच्याकडं असेल तो त्या दिवशी जरा छाती काढून फिरायचा.

आता माझं सांगते. आमची वाडी विंझरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. आमच्या वाडीतली पदवी घेतलेली मी पहिली. मुलगी म्हणून पहिली नव्हे, माणूस म्हणूनच पहिली. हे मी कुठंही सांगते आणि इथंही सांगितलं. वडील भातशेती करतात, दोन गाई आहेत, आणि ते प्यायचे. रोज नाही. पण सुरू झालं की थांबायचं नाही. ताईच्या लग्नात हळदीला याह्यांनी, म्हणजे ताईच्या सासऱ्यांनी, आग्रह केला, वडलांनी एक घेतला, आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला ते मांडवामागं टेम्पोच्या हौद्यात पडलेले होते. कन्यादान चुलत्यांनी केलं. ताई सासरी गेली तरी फोटोंचा अल्बम उघडत नाही.

मी भोरात शिकत असताना वडील एकदा माझ्यासाठी तांदळाचं पोतं घेऊन आले, ते पिऊनच आले. खोलीत बाकीच्या मुली. मी त्यांना आत घेऊ का परत एसटीत बसवू, या विचारात दारात उभी. काकांनी ओट्यावरनं पाहिलं, उठले, पोत्याचं दुसरं टोक स्वतः धरलं आणि वडलांना खुर्चीत बसवून विचारलं, "यंदा भात कसं आहे तुमच्याकडं?" वडील भातावर बोलायला लागले की दोन तास बोलतात. काकूंनी पिठलं-भाकरी वाढली. एसटीला बसवून परत आल्यावर काका मला एवढंच म्हणाले, "गळती आहे. धरण फुटलेलं नाही. तू अभ्यास कर."

नोकरी लागल्यावरही मी त्याच खोलीत राहिले. तिथनंच माझं लग्न ठरलं. मुलगा किकवीचा, रोज बसनं पुण्याला कंपनीत जाणारा. बैठकीत माझे होणारे सासरे म्हणाले, "आमचं मागणं काय न्हाई. तुमची पोर शिकल्याली हाय, तीच आमाला लई. फकस्त आमची माणसं बसणारी हायत, तेवढी सोय बघा."

वडील म्हणाले, "बघू की. त्यात काय."

पाहुणे गेल्यावर मी सगळ्यांसमोर वडलांना सांगितलं, "माझं कन्यादान तुम्ही करायचं. चुलत्यांनी केलेलं मला चालणार नाही. तुम्ही उभे राहू शकला नाहीत तर मी रजिस्टर करून घेईन, मांडव नको." वडील बैलाच्या गळ्यातली घुंगरं पुसत बसले, आणि बैल विकून आम्हाला दोन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडं गेले. ते म्हणाले, "वधू स्वतः अंदाजाला आली, हे पहिलंच." मी म्हटलं, "अंदाजाला नाही. कमी आणायची, एवढंच सांगा आमच्या लोकांना. तुमचं ऐकतील." काका म्हणाले, "कमी आणली तर तुझे वडील आधी पितील आणि पाहुणे नंतर भांडतील. पाणलोट बघून येतो."

ते किकवीला जाऊन आले. तिथं दाढी केली, म्हणजे त्या आठवड्यात दुसऱ्यांदा केली. रविवारी आमच्या घरी आले. अंगणात वडील, चुलते, मामा बसलेले. मी दारात. काकांनी चहा घेतला आणि अहवाल दिल्यासारखं सुरू केलं. "मुलाचे दोन चुलते विहिरीवरनं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघं समोरासमोर बसणार. बोलायचं नसलं की तोंडाला दुसरं काम लागतं, ते धरलं आहे. डीजे आहे, ते वजा केलं आहे. मुलाच्या आजीचे गुडघे खराब आहेत, ते धरलं आहे. महामार्गावरचं गाव, बाहेरची आवक भरपूर." मग किती खोकी आणायची ते सांगितलं आणि म्हणाले, "गळती शून्य धरली आहे."

चुलते हसले. "शून्य? आन आमच्या दादाच्या मांडवात?"

"शून्य," काका म्हणाले. "चावी यांच्याकडं राहील." आणि वडलांकडं बोट केलं.

मामांनी चहाची कपबशी खाली ठेवली. चुलते म्हणाले, "काका, इनोद करताय व्हय? आवं, आमी त्येंच्यावर नजर ठिवायला दोन पोरं लावणार हुतो."

"पोरांना नाचू द्या. त्यांना मी नाचण्यात धरलंय."

वडील मान खाली घालून काडीनं माती उकरत होते. मान वर न करता म्हणाले, "मला नगं चावी."

"का?"

"लोक हसत्याल."

"हसू द्या. चावी तुमच्याकडंच राहील, कारण अंदाज मी त्यावरच बांधलाय. आता बदलायचा म्हणजे मला परत किकवीला दाढीला जावं लागेल, आणि गालाला कातडी उरली नाही."

मामा हसले, मग चुलतेही. वडील हसले नाहीत, पण काडी टाकून दिली.

मी काकांना गाठलं ते रस्त्यावर, गाडीपाशी. म्हटलं, "काका, माझ्या लग्नाचा प्रयोग करताय का?" फार चिडले होते मी. काका गाडीवरची धूळ पुसत म्हणाले, "तुझ्या वडलांना आजवर सगळ्यांनी बंदी सांगितली. तुझी आई, तुझे चुलते, तू. बंदीत माणसाला काही काम नसतं. नुसतं पिऊ नको, एवढंच. दिवसभर नुसतं काही न करणं फार अवघड असतं ग. नियमात काम असतं. खोली उघडायची, मोजून द्यायची, बंद करायची." मला ते पटलं नाही. तसं मी तोंडावर सांगितलंही.

हळद मार्गासनीकडच्या एका मंगल कार्यालयात. दोन्हीकडची एकाच ठिकाणी. मला हळद लावून वधूच्या खोलीत बसवलं होतं. खोलीची खिडकी मागच्या अंगाला, आणि समोरच ती पत्र्याची खोली. दारापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत वडील. नवा पांढरा सदरा, आणि चावी कमरेच्या करगोट्याला बांधून सदऱ्यावरनं दिसेल अशी लोंबती सोडलेली. दिवस मावळायला आला होता. डीजेचा आवाज पुढनं येत होता. काका थोडं लांब, लिंबाखाली, पत्रावळीवर नळी घेऊन बसलेले. नळी फोडण्यात गुंग.

सासरे दोन पेले घेऊन आले. माझ्या खिडकीपासून हाताच्या अंतरावर म्हणा.

"याही, आज न्हाई म्हणायचं न्हाई."

वडलांनी चावी उचलून दाखवली. "माझ्याकडं हाय."

"ठावं हाय की. घटकाभर द्या कुणाकडं तरी. याह्याचा याह्याला मान असतुया."

वडील पेल्याकडं बघत होते. मी ते बघणं ओळखते. लहानपणापासून ओळखते. माझ्याजवळ मावशी बसली होती, तिनं माझा हळदीचा हात घट्ट धरला. काकांकडं बघितलं तर ते नळीत काडी घालून काहीतरी काढत होते, मान वर नाही.

वडलांनी चावी मुठीत धरली. सगळ्या मांडवाकडं एकवार नजर फिरवली आणि म्हणाले, "द्यायला काय हुतंय पावणं. पन कुणाकडं देऊ? हितं सगळी पिणारीच हायत."

सासरे एवढे हसले की एक पेला सांडला. "आवं, ह्ये खरं बोलला," म्हणाले. उरलेला त्यांनीच घेतला आणि पुढं जाऊन प्रत्येकाला ते सांगत सुटले. मावशीनं माझा हात सोडला. हाताची हळद तिच्या लुगड्याला लागली होती.

पण खरी परीक्षा याह्यांची नव्हतीच. दर वेळी कुणी मागायला आलं की वडलांना कुलूप काढून एकट्यानं आत जावं लागे. आत दिवा नव्हता. ते आत गेले की मी श्वास धरायचे, बाहेर आले की सोडायचे. चालण्यावरनं कळतं मला. बाहेर येताना पाय सरळ पडत होते. एकदा मात्र आत गेले ते येईनातच. मागणारा बाहेर उभा राहून कंटाळून निघून गेला. मी मावशीला म्हटलं, "जाऊन बघ." मावशी गेली. दारातनं आत वाकली. परत आली तेव्हा तिचा चेहरा मला वाचता येईना.

"काय झालं?"

"खोक्यावर बसल्यात."

"हातात?"

"हातात काय न्हाई. नुसतं बसल्यात अंधारात. मला म्हणलं, दार वडून घे, आन कुणाला आत सोडू नगंस."

थोड्या वेळानं ते आले. मागितलेलं खोकं खांद्यावर घेऊन. तोंडावर घाम, सदरा पाठीला चिकटलेला. कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि खुर्चीत बसले. लिंबाखालून काका ओरडले, "पंगत मांडा. रस्सा तयार आहे." रस्सा तयार व्हायला अजून वेळ होता, आचारी कुरकुर करत होता, पण काकांनी पंगत मांडायलाच लावली.

त्या दिवसानंतर वडील कधी प्यायलेच नाहीत, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पुढच्या दिवाळीला प्यायले. मग सोडली. मग परत एकदा. आता दोन वर्षं झाली, घेत नाहीत. पण वाडीतल्या, विंझरच्या लग्नांत अजूनही त्यांना चावी धरायला बोलावतात. आणि चावी घेतलेल्या दिवशी ते कधीही प्यायले नाहीत, हे मी शपथेवर सांगते. काका मागच्या वर्षी गेले. काकू मुलाकडं असतात. परवा भोरला गेले होते तर ओट्यावर नव्या भाडेकरूंच्या सायकली लावलेल्या. मी मुद्दाम गच्चीवर जायची परवानगी मागितली. टाकीतली मोजपट्टी अजून आहे, रंग उडालाय.

पण एक सांगायचं राहिलं. माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी काकांना शोधत मागं गेले. दरवेळी दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला साठा मोजून, आपला अंदाज किती बरोबर आला, हे ते चार लोकांना ऐकवल्याशिवाय राहत नसत. त्या दिवशी उरलेली खोकी त्यांनी न मोजताच टेम्पोत चढवली. टेम्पोवाला म्हणत होता, "काका, मोजा की." काका म्हणाले, "चल, चल, ऊन होईल."

टेम्पो गेला. काका आपल्या स्कूटीपाशी गेले आणि सीट उचलून आत काहीतरी नीट करू लागले. मी मागनं जाऊन उभी राहिले. आत पेपरात गुंडाळलेल्या बाटल्या होत्या. खोलीत होत्या त्याच जातीच्या.

"ह्या कसल्या?"

काका दचकले. मग आवाज खाली करून म्हणाले, "गळती."

"शून्य धरली होती ना?"

"अंगणात शून्य धरली होती. इथं थोडी धरली होती." मला समजलं नाही असं वाटून त्यांनी सांगितलं, "त्यांनी आत घेतली असती, तर मी ह्यातली नेऊन ठेवली असती. साठा भरून निघाला असता. कुणाला कळलं नसतं. त्यांनाही कळलं नसतं की मला कळलंय."

"म्हणजे तुमचाही विश्वास नव्हता."

"होता म्हणून चावी दिली. नव्हता म्हणून ह्या आणल्या. दोन्ही खरं आहे. तू आता जा, तुला तयार व्हायचंय."

मी जाणार तोच वडील येताना दिसले. आंघोळ करून, गंध लावून, डोक्याला टोपी. हातात पोह्यांची बशी. काकांनी धाडकन सीट खाली पाडली आणि तिच्यावर बसले.

"काका, चला नाष्ट्याला. सगळी थांबल्यात."

"मी इथंच बरा आहे."

"आवं, गाडीवर बसून कुठं खाता? निघालाय व्हय कुठं?"

"निघालो नाही. बसलोय."

वडलांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. मग ते म्हणाले, "बरं, बसा," आणि बशी त्यांच्या हातात दिली. काका स्कूटीवर ताठ बसून पोहे खात होते आणि वडील समोर उभे, बशी परत न्यायची म्हणून. मंगलाष्टकं लागली, सगळे पुढं धावले, तरी काका उठले नाहीत. कन्यादानाला वडील पाटावर बसले तेव्हा मी मान जरा वळवून पाहिलं. मांडवाची मागची कनात कुणीतरी वर गुंडाळली होती. पलीकडं उन्हात काका सीटवर तसेच बसलेले, आणि मुठीत उरलेल्या अक्षता तिथनंच आमच्या दिशेनं टाकत होते. एकही आमच्यापर्यंत पोचत नव्हती.